गंगावेशीतला दूध कट्टा

बर्गर-पिझ्झा कोल्हापुरात येण्याच्या कितीतरी आधी इथं उभ्या उभ्या पोट भरून पुढं जायची सोय होती. तिला ना भटारखाना लागायचा, ना पाटी. दिवेलागणीला गवळी म्हशी घेऊन गंगावेशीत यायचे आणि रस्त्याकडेला दूध कट्टा सुरू व्हायचा.

"मामा, एक ग्लास काढा," म्हटलं की मामा उकिडवे बसून धार काढणार. फेस काठावर आला की ग्लास हातात. तापवणं नाही, साखर नाही, निव्वळ धारोष्ण दूध. मिशीवरचा फेस पुसायचा, पैसे टेकवायचे आणि चालू लागायचं. दुधात पाणी किती, हे विचारायची गरजच नाही. म्हैस समोर उभी.

धंद्याचं खरं भांडवल पंढरपुरी म्हैस. शिंगं तलवारीसारखी लांब, मागं वळलेली. जागा बदलली, गलका झाला की बऱ्याच म्हशी पान्हा चोरतात. ही मात्र भर रस्त्यात, मागाल तेव्हा थोडं थोडं दूध देते. हा गुण नसता तर कट्टा एक दिवसही चालला नसता.

गिऱ्हाईकही हुकमी होतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी घुमू लागल्या, आणि पैलवानाचा खुराक दुधावाचून पुरा होत नाही. रात्री जेवून फिरायला निघालेली घरंही कट्ट्यावर थांबत.

पुढं 1963 मध्ये जिल्हा दूध संघ स्थापन झाला आणि 'गोकुळ' हे नाव घरोघरी गेलं. तपासलेलं, पाश्चराइज केलेलं दूध पिशवीतून दारात येऊ लागलं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय होऊ शकतो, म्हणून डॉक्टर उकळूनच प्या म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. शिवाय संघाला गावोगावचं दूध गोळा करून धंदा वाढवता आला. कट्ट्याला ते जमणारं नव्हतं. एक गवळी, दोन हात, समोर म्हैस, एवढाच त्याचा आवाका. आणि भरल्या शहरात गोठा, वैरण, पेंड, शेणाची विल्हेवाट, सगळंच महाग.

दिवाळी पाडव्याला मात्र म्हशींचा थाट बघावा. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, आणि मालकाच्या मोटारसायकलमागं म्हैस सुसाट. बघ्यांची ही गर्दी उसळते. पण घरी परतून चहाला पिशवीच फोडली जाते, आणि नुसत्या कौतुकावर वैरण येत नाही.