मागणें नसलेली सोबत

कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर वैशाखरे हें गांव लागतें. सातवाहनांच्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या नाणेघाटाची वाट तेथून जवळच डोंगर चढूं लागते. या बाजूच्या भातशेतीच्या गांवांतून एक दृश्य नेहमीचें आहे. मनुष्य शेताकडे निघाला कीं अंगणांत पडलेलें कुत्रें अंग झाडून उठतें आणि न बोलावतां त्याच्या मागोमाग चालूं लागतें. चिखलणी चालू असतांना तें बांधावर बसून राहतें. धनी परतला कीं तेंही परततें. दिवसभरांत दोघांमध्यें एका शब्दाचाही व्यवहार होत नाहीं. तथापि दोघांपैकीं एकटें असें कोणीच नसतें.

या सोबतीचें मर्म काय? मनुष्यांच्या सहवासांत बोलणें चालू ठेवावें लागतें. मौन लांबलें तर त्याचा अर्थ लावला जातो. घरच्या माणसांसमोरही आपला उत्कर्ष-अपकर्ष थोडाबहुत झांकावा लागतो. कुत्र्यापुढें हा खटाटोप नाहीं. नोकरी लागली काय किंवा सुटली काय, दाराशीं होणारें स्वागत तेंच असतें.

हा स्वभाव एका पिढींत घडलेला नाहीं. कुत्रें हें लांडग्याच्या कुळांतलें, म्हणजे मूळचेंच कळपानें राहणारें व सोबत्याच्या हालचालीकडे लक्ष ठेवणारें. मनुष्याजवळ हजारों वर्षें काढल्यावर मनुष्यच त्याचा कळप झाला. कुत्रें व त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसिन नांवाचें द्रव्य वाढतें, असें जपानी संशोधकांनीं २०१५ सालीं दाखवून दिलें. माता आणि तान्हें मूल यांच्या स्नेहबंधांतही हेंच द्रव्य काम करतें. माणसांनीं वाढविलेल्या लांडग्यांत मात्र तसा परिणाम आढळला नाहीं.

परंतु जें कांहीं मागत नाहीं, त्याला कशाचीच गरज नाहीं असें समजणें सोपें असतें, आणि येथेंच चूक होते. जर्मनींतील बॉन शहराजवळ १९१४ सालीं सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचें एक दफन सांपडलें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री व त्यांच्यासोबत कुत्र्याचें एक पिल्लूं होतें. पिल्लाच्या दांतांवरून तें कित्येक आठवडे गंभीर आजारी असावें आणि कोणीतरी शुश्रूषा केल्यावांचून तें तितके दिवस जगलें नसतें, असा निष्कर्ष अभ्यासकांनीं काढला आहे. तें ना शिकारीच्या उपयोगाचें होतें, ना राखणीच्या. तरीही त्याला कोणी टाकलें नाहीं.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांतही हाच विचार दिसतो. द्रौपदी व चारही भाऊ वाटेंत पडल्यावर युधिष्ठिरामागें एक कुत्रें तेवढें उरलें. तें कांहींच मागत नाहीं. इंद्राचा रथ आल्यावर त्याच्यासाठीं बोलतो तो युधिष्ठिर. आश्रिताला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो.

वैशाखऱ्यासारख्या गांवच्या कुत्र्याला रान, ओढा आणि दिवसभराची वाट तरी मोकळी असते. रात्रीं बिबट्याचें भय असलें तरी दिवस त्याचा स्वतःचा असतो. शहरांतील बिऱ्हाडांत पाळलेल्या कुत्र्याचा सारा दिवस घरच्या माणसांच्या हातीं असतो. सकाळ-सायंकाळ फिरावयास नेणें, ताजें पाणी, रेबीजची लस वेळच्या वेळीं टोचून घेणें, आणि म्हातारपणीं दृष्टि व पाय थकले म्हणजे त्याच्या चालीनें चालणें, यांपैकीं कशासाठींही तें तक्रार करणार नाहीं. बाहेरगांवीं बदली झाली किंवा घरांत तान्हें मूल आलें म्हणून त्याला दूरच्या रस्त्यावर सोडून दिलें, तरी तें तेथेंच वाट पाहत बसेल. म्हणून पिल्लूं घरीं आणण्यापूर्वींच दहा-बारा वर्षांचा हिशेब घरांतल्या सर्वांनीं मिळून करावा. त्याच्या वतीनें मागणारें दुसरें कोणी नसतें.