छपरावरची काच, छपराखालचा दिवा

डोंगरउतारावर शेतघर आहे, विजेचा शेवटचा खांब खालच्या वाडीतच थांबलाय. छपरावर सोलर पॅनेल, कोपऱ्यात १२ व्होल्टची बॅटरी. आता दिवा कोणता लावायचा?

बल्ब निवडण्याआधी एक चमत्कार बघून घ्या. छपरावरचं पॅनेल आणि छपराखालचा एलईडी मुळात एकाच जातीचे! दोन्हींत सेमीकंडक्टरचे दोन थर एकमेकांना भिडलेले असतात. त्या सांध्यावर प्रकाश पडला की वीज निघते, आणि त्यातून वीज सोडली की प्रकाश निघतो. पटत नाही? साधा लाल एलईडी कडक उन्हात धरून त्याच्या दोन पायांना मल्टिमीटर लावा, चक्क एक व्होल्टच्या वर आकडा दिसेल. कारखान्यात तर उलटा प्रयोग रोज चालतो. पॅनेलमध्ये वीज सोडली की ते अवरक्त उजेडात मंद चमकतं. आपल्याला तो उजेड दिसत नाही, पण कॅमेरा तो टिपतो आणि आतल्या चिरा उघड्या पडतात.

लाल एलईडी १९६२ पासून होता. पांढऱ्यासाठी आधी निळा हवा होता, आणि तो काही केल्या जमेना. अखेर १९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरांनी झगझगीत निळा एलईडी बनवून दाखवला. निळ्या एलईडीवरच काम करणाऱ्या अकासाकी आणि अमानो या संशोधकांसह त्यांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. आज आपण ज्याला पांढरा बल्ब म्हणतो त्याच्या आत बहुधा निळाच एलईडी असतो, फक्त वर पिवळ्या पावडरीचा लेप असतो!

अशा एका एलईडीची भूक किती? जेमतेम ३ व्होल्ट, तेही डीसी. बॅटरीही डीसीच देते. मग मध्ये इन्व्हर्टर कशाला? १२ चे २३० करायचे, डीसीचं एसी करायचं, आणि बल्बच्या बुडाशी ते सगळं पुन्हा खाली उतरवायचं! शिवाय दिवे बंद असले तरी इन्व्हर्टर स्वतःपुरती वीज खातच राहतो. दिव्यांपुरतं तरी थेट १२ व्होल्टच बरं.

मग घराघरांत १२ व्होल्ट का नाही? अडचण तारेत आहे. धान्याचा ढीग पोत्यांऐवजी टोपल्यांनी हलवायचा तर पायवाटेवर माणसांची गर्दी होणारच. व्होल्ट कमी म्हणजे टोपली लहान. तेवढ्याच कामाला १२ व्होल्टवर २३० च्या १९ पट करंट लागतो, आणि त्याच तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज ३६० पटींहून जास्त!

जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर, दहा मीटर अंतरावर, जाऊन-येऊन एक व्होल्टहून जास्त वाटेतच संपतो. जवळपास तेवढाच उजेड देणाऱ्या ७ वॅटच्या एलईडीला मात्र फक्त ०.१३ व्होल्टचा फटका बसतो. ४० अँपिअर-अवरची बॅटरी अर्धीच वापरली, तरी ५ वॅटचे चार दिवे बारा तास चालतात. म्हणजे अख्खी रात्र!

आता खरी मेख. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी नेमकी १२ व्होल्टवर क्वचितच असते. दुपारी चार्ज होताना ती १४.४ पर्यंत चढते, दमली की १२ च्या खाली घसरते. स्वस्त बल्बात नुसता रेझिस्टर असतो, म्हणून तो दिवसा तापतो आणि पहाटे मिणमिणतो. चांगल्या बल्बात ड्रायव्हर असतो. व्होल्टेज वरखाली झालं तरी तो एलईडीला करंट सारखाच देतो. असा बल्ब खोक्यावरून ओळखता येतो: तिथे एकच आकडा नसतो, ‘१०–३० व्होल्ट डीसी’ असा पल्ला असतो.

रंग २७०० ते ३००० केल्विनचा घ्या. निळसर उजेडावर किडे तुटून पडतात, पिवळसरावर कमी. रानात हा फरक जेवताना ताटात दिसतो.

फ्यूज बॅटरीजवळच बसवा. १२ व्होल्टने शॉक बसत नसला, तरी शॉर्ट झाल्यास तीच बॅटरी शेकडो अँपिअर सोडून तार पेटवू शकते. आणि १२ व्होल्टचे बरेच बल्ब घरातल्याच पिनवाल्या होल्डरचे असतात, तेव्हा त्यांच्यावर मार्करने ठळक ‘१२’ लिहून ठेवा. गावातल्या २३० च्या होल्डरमध्ये असा बल्ब क्षणभरही टिकणार नाही.

दुकानात वॅट आणि किंमत नंतर बघा. खोक्यावर आधी व्होल्टचा पल्ला शोधा, आणि तो छापलेला नसेल तर बल्ब परत ठेवा.