घरकुल कोणी दिलं?

ताईंनो, मागं एका गटाच्या बैठकीत घरकुलाचा विषय निघाला आणि बचतीची वसुली बाजूलाच राहिली. एकाच घरातल्या तिघी बोलल्या, तिघींचं तीन तऱ्हा.

आजी म्हणाल्या, "मला इंदिराबाईनं घर दिलं." खरं तर इंदिरा आवास योजना सुरू झाली 1985 साली, इंदिरा गांधी गेल्यानंतर. पण कुडाच्या घरातून विटांच्या खोलीत आलेल्या बाईला ते उपकारच वाटणार. त्यांनी जन्मभर एकाच चिन्हाला मत दिलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

सून वेगळं बोलली. ती दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाते, पाच-सहा महिने कोपीत काढते. प्रधानमंत्री आवास योजनेची पहिली यादी 2011 च्या सर्वेक्षणावरून केली होती. ही वेगळी राहिली त्यानंतर, मग नाव येणार कुठून? पुढं नवी पाहणी झाली तेव्हा ही फडावर. "नाव घालतो म्हणणारे निवडणुकीपुरते येतात," म्हणाली. ती आता पक्ष बघत नाही, ग्रामपंचायतीत काम कोण करतंय तेवढं बघते.

नात बारावी झालेली. तिनं हिशोबच मांडला. 2016 ला योजनेची मदत ठरली 1 लाख 20 हजार. सिमेंट, सळई, मिस्तरीची मजुरी तेव्हाचीच राहिली का? शौचालयाचे 12 हजार अन् रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी वेगळी मिळते. राज्यानंही 2025 ला 50 हजार वाढवले, त्यातले 15 हजार सौरऊर्जेचे. तरी स्लॅब पडेपर्यंत पैसा संपतो. मग मुकादमाकडून उचल, अन् उचल घेतली की पुन्हा कोयता हातात. "घरासाठी घर सोडायचं का?" असं तिनं विचारलं. मत मागायला येतील त्यांनाही ती हेच विचारणार आहे.

आजीला ती नात कृतघ्न वाटते. पण आजीला घर मिळालं होतं, नातीच्या वाट्याला यादी आली. एवढाच फरक आहे.

घर मंजूर होताना ते बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोडनावावर होतं, हे घरी सांगून ठेवा. 15 ऑगस्टची ग्रामसभा तोडीला निघायच्या आधी येते. तिच्याआधी महिला सभा घ्यावीच लागते, तसा कायदा आहे. तिथं यादी मोठ्यानं वाचायला लावा. नाव नसलेल्या जावा-नणंदांनाही सोबत आणा.