एका ट्रॉलीत २,६०० कोटी दाणे

एरंडोल तालुक्यात उत्राणच्या बाजूला गिरणा नदीच्या पात्रातून ट्रॅक्टर वर चढतो, तेव्हा ट्रॉलीत साधारण एक ब्रास वाळू असते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजनाने सुमारे साडेचार टन. दाणा अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर त्या एका ट्रॉलीत अंदाजे २,६०० कोटी दाणे भरतात. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला तीन-तीन वाटले तरी उरतील.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग वर्षाला ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरतं. आपल्या मापात सुमारे १,१०० कोटी ब्रास. तेवढे ट्रॅक्टर ट्रॉलीसकट एकामागे एक उभे करा, प्रत्येकाला आठ मीटर जागा द्या. रांग चंद्रापर्यंत जाऊन परत येईल, तीही ११४ वेळा. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच.

गिरणेतला एक किलोमीटर लांब, १०० मीटर रुंद आणि एकच मीटर जाडीचा थर घ्या. त्यात ३५ हजार ब्रास वाळू. भिजलेल्या वाळूच्या आकारमानाच्या चौथ्या हिश्शाइतकं पाणी विहिरींना मिळतं असं धरलं, तरी हा थर अडीच कोटी लिटर पाणी धरून ठेवतो. माणशी रोज ५५ लिटरने दोन हजार वस्तीच्या गावाला ते साडेसात महिने पुरेल. शिवाय नदी सुरय आणि कंठेरी चिखल्या हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूवरच अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची. उपसाही नेमका तेव्हाच जोरात असतो. टायरखाली काय गेलं, हे चालकाला कळतसुद्धा नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार नदीचं पात्र शासनाचं. म्हणजे वाळू विकणारं शासन, राखणारं शासन, आणि रस्ते, पूल, घरकुलं यांसाठी प्रचंड वाळू लागते तीही शासनालाच. म्हणून रात्री वाळूचोरीचे ट्रॅक्टर पकडले की जबाबदारी संपली, हे मला पटत नाही. मागणी कमी करणं शासनाच्याच हातात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला ठरलेल्या जागतिक जैवविविधता आराखड्याचं सोळावं लक्ष्य अतिउपभोग कमी करण्याचंच आहे, आणि भारत त्यात सामील आहे. त्यानंतर काही महिन्यांतच, २०२३ मध्ये, राज्याने सरकारी डेपोवर ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं ठरवलं. किलोला जेमतेम १३ पैसे! घरकुलवाल्याला वाळू स्वस्त मिळायलाच हवी. पण तेव्हा साऱ्यांनाच तो भाव दिला, मग जपून वापरायचं कारण कोणाला उरलं?

राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात सरकारी बांधकामांत सुरुवातीला २० टक्के कृत्रिम वाळू बंधनकारक झाली. पाऊल चांगलं आहे, पण तिच्यासाठीही कुठला तरी डोंगर फुटतो. पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा दळून वापरणं त्याहून बरं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नदीत वाळू किती परत येते याचा अभ्यास नसेल, तर उपशाला पर्यावरण मंजुरी देता येणार नाही. गिरणेला हे जास्तच लागू आहे, कारण वरून वाहत येणारी बरीच वाळू नांदगाव तालुक्यातल्या गिरणा धरणात अडते. गेल्या पावसाळ्यात प्रत्येक वाळूघाटावर किती ब्रास नवी वाळू आली, हा आकडा प्रशासनाने लिलावाआधी ग्रामसभेत वाचून दाखवावा. तो शून्य निघाला, तर त्या वर्षी त्या घाटाचा लिलाव करू नये.