टार्गेट छापताना रंगदुरुस्ती बंद का ठेवायची?

उसाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्याच्या हिरवेपणावरून नत्राचा अंदाज घ्यायचा, हे माझं काम. पण ऊन बदललं की फोटोतला रंगही बदलतो. म्हणून पानाशेजारी छापलेली रंगपट्टी ठेवावी लागते.

बारामतीत छापलेली पहिली पट्टी घेऊन मी इंदापूरच्या एका शेतात गेले. तिच्यावरचा हिरवा चक्क पिवळसर होता! सॉफ्टवेअरला वाटलं असतं की फोटोच पिवळा आलाय. मग त्याने सगळं हिरव्याकडे ढकललं असतं आणि पिवळं पडलेलं पानही निरोगी दिसलं असतं. म्हणजे नत्राची कमतरता झाकली गेली असती.

चूक माझीच होती, तीही पट्टी छापायच्या आधीची.

प्रत्येक प्रिंटर, शाई आणि कागदाची जोडी रंग आपल्या पद्धतीने दाखवते. ती पद्धत नोंदवणारी फाइल म्हणजे प्रोफाइल. ती बनवण्यासाठी शेकडो रंगीत चौकोनांचं 'टार्गेट' छापतात. प्रत्येक चौकोनाचे आकडे आधीच माहीत असतात. छापलेला रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचा आणि दोन्हींची तुलना करायची.

आता मातीपरीक्षण आठवा. नमुना खत टाकण्याआधी घेतात, नंतर नाही. टार्गेटचंही तसंच आहे. रंगदुरुस्ती चालू ठेवून छापलं, तर आपण प्रिंटर नाही, दुरुस्त केलेला प्रिंटर मोजतो. पुढे त्याच प्रोफाइलने छापलं की चुकीची दुरुस्ती होते.

म्हणून टार्गेट छापताना एवढं पाळा:

१. प्रोग्राम आणि ड्रायव्हर, दोन्हीकडची रंगदुरुस्ती बंद ठेवा. २०१० च्या फोटोशॉप सीएस५ मधून हा पर्यायच काढला गेला; त्यासाठी अ‍ॅडोबीने 'अ‍ॅडोबी कलर प्रिंटर युटिलिटी' हा वेगळा प्रोग्राम दिला.

२. कागदाचा प्रकार आणि छपाईचा दर्जा मात्र नेहमीच्या कामाचाच निवडा आणि लिहून ठेवा. पुढे तोच वापरायचाय.

३. आकार १०० टक्केच ठेवा. 'पानात बसवा' नको.

४. इंकजेटची शाई पूर्ण वाळू द्या, मगच मोजा.

प्रोफाइल तयार झालं की पट्टी छापताना ते एकाच ठिकाणी लावा: प्रोग्राममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये. दोन्हीकडे लावलं, तर पुन्हा दुहेरी दुरुस्ती!

आणि छापलेली पट्टी शेतावर नेण्याआधी एकदा मोजून घ्या. मी आता घेते.