दवाखाना मागायचा, म्हणजे नेमकं काय मागायचं?

पावसाळा सुरू झाला की एक छायाचित्र वर्तमानपत्रांत हमखास येतं. बांबूला बांधलेली चादरीची झोळी, झोळीत गरोदर बाई, पुढे-मागे दोन-दोन माणसं आणि पायाखाली चिखल. गाव दर वर्षी वेगळं असतं. कधी नंदुरबारचं, कधी गडचिरोलीचं, तर कधी मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवरचा एखादा पाडा. दोन दिवस चर्चा होते. गावकरी ‘आम्हाला आरोग्य केंद्र द्या’ असं निवेदन देऊन येतात, क्वचित उपोषणालाही बसतात. मागणी रास्तच असते. पण आरोग्य केंद्र मागायचं म्हणजे नेमकं काय मागायचं, हे निवेदनाच्या चार ओळींत सहसा उतरत नाही. याचा विचार ज्यांनी अगदी मुळापासून केला, अशा माणसांची हकीकत आज सांगायची आहे. ती माणसं डॉक्टर नव्हती. लोहखाणीत खडक फोडणारे मजूर होते ते.

गडचिरोली जिल्ह्याची पूर्वेची हद्द ओलांडली की छत्तीसगड लागतं. तिथल्या दल्ली-राजहरा या गावाच्या डोंगरांतून भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज जातं. सत्तरच्या दशकात, हा भाग मध्य प्रदेशात असताना, इथे दोन प्रकारचे कामगार होते. कायम कामगारांना पगार, घर आणि कंपनीचं रुग्णालय होतं. कंत्राटी कामगारांना यातलं काहीच नव्हतं. त्यांची कामाची रीत जोडीनं असे. पुरुष खडक फोडायचा आणि बाई दगड टोपलीत भरून ट्रकपर्यंत वाहायची. मजुरी दिवसाला काही रुपये. १९७७ मध्ये या मजुरांनी ‘छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ’ नावाची स्वतःची संघटना काढली. शंकर गुहा नियोगी हे तिचे नेते. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले.

संघटना वाढली आणि मजुरीही वाढली. अशातच संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई प्रसूतीच्या वेळी उपचार न मिळाल्यानं गेल्या. त्या स्वतः खाणमजूर होत्या. हजारो मजूर जमले आणि तिथेच ठरलं, की आपलं रुग्णालय आपणच उभारायचं आणि पुन्हा अशी एकही आई जाऊ द्यायची नाही.

बाळंतपणात बाई कशी दगावते, हे इथे थोडं सांगायला हवं, कारण दवाखाना कुठे आणि कसा हवा याचं उत्तर त्यातच आहे. गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त जात असतं. वार सुटल्यावर गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळतात आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. ते आवळले नाहीत, तर धडधाकट बाईसुद्धा दोनेक तासांत जाऊ शकते. यावरचं पहिलं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते महाग नाही, मात्र दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. म्हणजे फ्रिज हवा, फ्रिजला वीज हवी आणि ते टोचणारी प्रशिक्षित परिचारिका रात्रीसुद्धा हाकेच्या अंतरावर हवी. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक मातामृत्यूमागच्या तीन उशिरांबद्दल बोलतात: दवाखान्यात जायचं ठरवण्यातला उशीर, वाटेतला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला उशीर. जवळ इमारत बांधली की फार तर मधला उशीर कमी होतो. बाकीचे दोन तसेच राहतात.

दल्ली-राजहराच्या मजुरांनी हे शब्द वापरले नसतील, पण त्यांचं काम नेमकं या क्रमानं झालेलं दिसतं. त्यांनी सुरुवात इमारतीपासून केली नाही. आधी दारूचा प्रश्न हाती घेतला. लढून वाढवलेली मजुरी गुत्त्यावर जात होती, म्हणून संघटनेनं दारूबंदीची मोहीम चालवली आणि तीत बायका पुढे होत्या. मग वस्त्यांची सफाई आणि पिण्याचं पाणी. या कामांसाठी संघटनेत आरोग्याचा स्वतंत्र विभागच होता. कामगार संघटना म्हटलं की आपल्याला बोनस आणि संप आठवतो, त्यामुळे हे जरा निराळं वाटतं.

१९८१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. विनायक सेन तिथे आले. पुढे अगदी वेगळ्या कारणानं हे नाव देशभर गाजलं. आणखी काही तरुण डॉक्टर आले. त्यांतले डॉ. शैबाल जाना तर दशकानुदशकं तिथेच राहिले. २६ जानेवारी १९८२ रोजी छोटा दवाखाना सुरू झाला आणि ३ जून १९८३ रोजी पंधरा खाटांचं ‘शहीद हॉस्पिटल’. दिवस गोळीबाराच्या स्मृतीचा, नावही त्याच आठवणीतून आलेलं. उद्घाटनाला मंत्री बोलावले नाहीत. एक वयोवृद्ध खाणमजूर आणि एक वयोवृद्ध शेतकरी यांच्या हस्ते ते झालं. पैसा मजुरांच्या वर्गणीतून आला आणि बांधकामाला श्रमदान झालं.

रुग्णालयाचं खरं वेगळेपण मात्र आत गेल्यावर दिसे. दिवसा खाणीत काम करणारे काही मजूर संध्याकाळी इथे आरोग्य कार्यकर्ते म्हणून विनामोबदला राबत. शुश्रूषेचं काम मजुरांच्याच घरांतल्या मुला-मुलींना शिकवलं गेलं. त्यामुळे रुग्णाशी बोलणारं माणूस त्याच्याच वस्तीतलं, त्याच्याच छत्तीसगढी बोलीत बोलणारं असे. दवाखान्यात जावं की नको, या पहिल्या उशिरावर याच्याइतका गुणकारी उपाय दुसरा नसावा.

आणखी एक लढाई झाली ती रुग्णांच्याच समजुतीशी. सुई टोचली नाही आणि ‘सलाईन’ लावलं नाही तर उपचार झालाच नाही, असं तिथेही वाटायचं. (आपल्याकडे अजून वाटतं. तापाला सुई देणारा डॉक्टर चांगला, गोळ्या देणारा कच्चा!) शहीद हॉस्पिटलनं अनावश्यक औषधं, टॉनिकं आणि सुया यांना नकार द्यायचं ठरवलं आणि हा नकार लोकांना समजावूनही सांगितला. अतिसाराचंच पाहा. आतड्यात साखर आणि मीठ हातात हात घालून शोषले जातात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी आत जातं. म्हणून जुलाब चालू असतानाही साखर-मिठाचं पाणी अंगी लागतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तेव्हा पिंपांत हे पाणी कालवून पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांखाली आलं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण वस्तीतल्या प्रत्येक आईला ठाऊक असलं, तर अतिसाराच्या कितीतरी मुलांना खाट लागतच नाही. दवाखाना मागणाऱ्या लोकांनी दवाखान्यात येण्याची गरज कमी करायलाही हातभार लावावा, हे त्या मजुरांना पटलं होतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. दल्ली-राजहराची हुबेहूब नक्कल करा, असं मी म्हणणार नाही. तिथे हजारो संघटित मजूर होते, नियमित मजुरी होती, वर्गणी शक्य होती. दीड हजार वस्तीच्या पाड्यानं रुग्णालय बांधावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ते काम सरकारचंच. त्याचे निकषही ठरलेले आहेत: सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी वा डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र. १९४६ च्या भोर समितीपासून आपण या दिशेनं चाललो आहोत. अडचण अशी, की मोजणीसाठी हाती असलेली शेवटची जनगणना २०११ ची आणि पुढची २०२७ ची. मधल्या वर्षांत शहरांच्या कडेला गावंच्या गावं वाढली, त्यांची माणसं या हिशेबात नीट येत नाहीत. दुसरीकडे डोंगरातल्या विरळ वस्तीत २० हजार डोकी भरेपर्यंत अंतर इतकं वाढतं, की झोळी काही सुटत नाही. म्हणून निवेदनात लोकसंख्येबरोबर वेळ लिहावी. पावसाळ्यात, रात्री, गावापासून सर्वांत जवळच्या बाळंतपणाच्या सोयीपर्यंत किती तास लागतात? १०८ ची रुग्णवाहिका कुठपर्यंत येते, आणि तिथून पुढे काय? हा तक्ता आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांच्या मदतीनं गाव स्वतः करू शकतं. ग्रामसभेच्या ठरावाला तो जोडला, तर त्याला वजन येतं.

आणि मागणी इमारतीवर थांबवू नये. इमारतीचं भूमिपूजन होतं, फीत कापली जाते, फोटो छापून येतो, म्हणून ती त्यामानानं लवकर मिळते. पदं मंजूर करून घेणं अवघड आणि मंजूर पदं भरून घेणं त्याहून अवघड. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची पदनिर्मिती, राहण्याजोगी निवासस्थानं, पाणी, वीज गेल्यावरची सोय आणि लसी-औषधांसाठी चालू स्थितीतला फ्रिज, हे सगळं पहिल्या अर्जातच आलं पाहिजे. परिचारिकेच्या खोलीला दार आणि नळाला पाणी नसेल, तर ती मुक्कामी राहत नाही म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही.

लोकांना विचारून रुग्णालय बांधलं तर काय होतं, याचं उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं आदिवासींना विचारलं, की तुम्ही मोठ्या दवाखान्यात का येत नाही? पांढऱ्या कपड्यांतली माणसं, अनोळखी भाषा आणि नातेवाइकांना बाहेर काढण्याची पद्धत, या सगळ्याची भीती वाटते, असं उत्तर आलं. मग शोधग्राममधलं रुग्णालय गोंडी वस्तीसारखं, नातेवाइकांना सोबत राहता येईल अशा कुट्यांचं झालं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं.

केंद्र सुरू झाल्यावरचं काम सांगणारा मार्गही महाराष्ट्रात आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राला गुण द्यायचे, औषधांचा साठा पाहायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडायचे, अशी त्याची रीत. शिवाय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या हाती थोडा निधी असतो आणि त्यातून पाण्याची टाकी, प्रतीक्षागृहातला बाक, प्रसूतिगृहातला दिवा अशी कामं होऊ शकतात. आपल्या केंद्राच्या समितीवर कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, हे केंद्रात जाऊन विचारता येतं. नवीन केंद्राची मागणी करायला निघालेल्या गावानं आधी जुन्या केंद्रात जाऊन हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना समोरचा माणूस वही शोधायला लागला, तर निवेदनात आणखी काय लिहायचं ते तिथेच कळेल.