मेडिकलवाल्याला हे विचाराच!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. अनेक खासगी दवाखाने बंद झाले. वस्तीच्या तोंडावरचं मेडिकल मात्र उघडं राहिलं. त्याच एप्रिलमध्ये तेलंगणा, आंध्र प्रदेशासह काही राज्यांनी ताप-खोकल्याची औषधं नेणाऱ्यांची नोंद ठेवायला मेडिकलवाल्यांना सांगितलं, म्हणजे रुग्ण लवकर सापडावेत.

पण त्याच खिडकीतून चुकीची गोळीही मिळू शकते. स्टेरॉइड ऑक्सिजन कमी झालेल्या कोविड रुग्णाचा जीव वाचवतं. साध्या तापात मनानं घेतलं तर साखर वाढते, प्रतिकारशक्ती घटते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं गाठलेल्यांत मधुमेह असलेले आणि स्टेरॉइड घेतलेले रुग्णच जास्त होते.

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. म्हणून साथीच्या दिवसांत बिनधास्त विचारा: फार्मासिस्ट कोण? गोळी कशाची? किती दिवस? बीपी-साखरेच्या गोळीबरोबर चालेल का? घरात गरोदर बाई असेल तर तेही सांगा. बिल घ्या.

शेजारणीच्या चिठ्ठीवर औषध आणू नका. आणि धाप लागली, तर मेडिकल नको, थेट सरकारी दवाखाना गाठा.